रस्त्यावरील अपघात आणि कॅमेऱ्याची साक्ष

(इनामगाव, तालुका शिरूर येथे ग्रामस्थ व वाहनचालक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इनामगाव हे घोड नदीच्या काठचे गाव. न्हावऱ्याकडून येणारा रस्ता या गावावरून पुढे काष्टी-श्रीगोंद्याकडे जातो. उत्तरेस पुणे-अहिल्यानगर महामार्ग आणि दक्षिणेस पुणे-सोलापूर महामार्ग. या दोन मोठ्या रस्त्यांच्या मधला शिरूर व दौंड तालुक्यांचा मुलूख बागायती आहे. ऊस, कांदा, दूध आणि भाजीपाला याच रस्त्यांनी बाजारात जातो. गळिताचा हंगाम सुरू झाला की त्यांत ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि उसाच्या बैलगाड्या येतात. त्याच रस्त्यावरून कामगारांच्या दुचाक्या, शाळेची मुले, जीप, टेम्पो आणि परगावच्या मोटारी जातात. रस्ता एक आणि वेग मात्र दहा प्रकारचे, अशी ही स्थिती आहे. अशा ठिकाणी अपघात टाळणे हे पहिले कर्तव्य होय. परंतु तो घडलाच, तर नेमके काय घडले हे सिद्ध कसे करावयाचे, हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. वाहनाच्या पुढील काचेमागे बसविलेला लहानसा डॅश कॅमेरा या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. तो कसे देतो आणि केव्हा देऊ शकत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

‘अज्ञात वाहन’ या दोन शब्दांची किंमत

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३०,४८६ मृत्यू धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळे झाले होते. या तीस हजार घरांमध्ये दुःखाच्या जोडीला एक अडचणही आली. ज्याच्यावर दावा लावावयाचा, त्या वाहनाचा ठावठिकाणा काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे, धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. १ एप्रिल २०२२ पूर्वी याच रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार इतक्याच होत्या. त्यासाठीचा अर्ज तालुक्यातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. ही मदत निःसंशय मोलाची आहे. तथापि वाहनाचा क्रमांक कळला, त्याचा मालक आणि विमा कंपनी समजली, तर वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाता येते. तेथे मृताचे वय, त्याचे उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे यांचा हिशेब होऊन भरपाई ठरते. घरातील कर्ता पुरुष अथवा कर्ती स्त्री गेली असेल, तर ही रक्कम दोन लाखांच्या कितीतरी पट होऊ शकते. एका नंबरप्लेटवरील आठ-दहा अक्षरे व अंक वाचता येणे किंवा न येणे, एवढाच या दोहोंमधील फरक. मागून येणाऱ्या एखाद्या त्रयस्थाच्या गाडीतील कॅमेऱ्याने ती अक्षरे टिपली असतील, तर एका कुटुंबाची पुढील वीस वर्षे त्यावर उभी राहू शकतात. कॅमेऱ्याचा उपयोग केवळ मालकाला नसतो, ही गोष्ट येथे ध्यानात यावी.

मोठ्या गाडीचीच चूक?

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली की मोटारवाल्याला, आणि ट्रक व मोटार यांची टक्कर झाली की ट्रकवाल्याला दोषी धरण्याची लोकरीत आहे. अनेकदा ते खरेही असते, परंतु नेहमीच खरे असते असे नाही. दुचाकी आडरस्त्याने एकाएकी पुढे आली असेल. अंधारात उभ्या केलेल्या ट्रॉलीला मागे तांबडा दिवा नसेल, परावर्तक पट्टीही नसेल. जमाव जमतो तो घटना घडून गेल्यावर. जमलेल्यांपैकी बहुतेकांनी आवाज ऐकलेला असतो, धडक पाहिलेली नसते. तरीही प्रत्येक जण साक्षीदार होतो. मग चालकास मारहाण होते, वाहनाची मोडतोड होते, आणि काही वेळा रस्त्यावरच पैशांची तडजोड होऊन खरा प्रकार कायमचा झाकला जातो.

अपघातानंतर जखमीच्या उपचाराची तजवीज करणे हे कायद्याच्या कलम १३४ ने चालकाचे कर्तव्य ठरविले आहे. याच कलमात जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर अपवाद करण्यात आला आहे. ही भीती कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती, असा याचा अर्थ होतो. अशा वेळी चालकाच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. कॅमेरा मात्र धडकेपूर्वीच्या क्षणांपासून तेथे हजर असतो. दिवा लागलेला होता की नव्हता आणि समोरचा कोणत्या बाजूने आला, हे तो दाखवितो. उपग्रहाद्वारे स्थान कळण्याची सोय त्यात असेल, तर वेगाचीही नोंद होते.

यंत्राचे कार्य

डॅश कॅमेरा गाडी सुरू होताच आपोआप चालू होतो. तो एक, तीन किंवा पाच मिनिटांचे लहान लहान तुकडे करून चित्रण साठवितो. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहितो. धक्क्याची जाणीव होणारा संवेदक त्यात असतो. जोराचा आघात झाला की तो त्या वेळचा तुकडा कुलूपबंद करतो, म्हणजे तो पुसला जात नाही. परंतु हलक्या धडकेत किंवा दुसऱ्याच्या अपघाताचे चित्रण झाले असता हे कुलूप लागत नाही. त्या वेळी कॅमेऱ्यावरील बटण हाताने दाबावे लागते. ते न दाबता गाडी पुढे दिवसभर चालविली, तर अत्यंत मोलाचा पुरावा मालकाच्या नकळत नाहीसा होतो.

खरेदी करताना काही गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बंद गाडीच्या काचेमागे भट्टीसारखी उष्णता असते. म्हणून लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा अधिक टिकतो. कार्डही सतत लेखन सोसणाऱ्या प्रकारचे घ्यावे आणि ते अधूनमधून तपासावे. कॅमेरा आरशाच्या मागे, चालकाच्या दृष्टीआड न येईल असा बसवावा. घड्याळ अचूक लावावे, कारण चुकीची तारीख दाखविणारे चित्रण उलटतपासणीत सर्वप्रथम डळमळते. पुढचा कॅमेरा मागून बसलेली धडक दाखवीत नाही. त्यासाठी मागील काचेवर दुसरा कॅमेरा लागतो. रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात नंबरप्लेट अनेकदा पांढरीफटक दिसते. अशा वेळी चालकाने वाहनाचा क्रमांक, रंग आणि दिशा मोठ्याने उच्चारावी. ध्वनिमुद्रण चालू असल्यास ती त्याच क्षणाची नोंद ठरते.

जागेवरचा पुरावा

पुराव्याचे मोल कशात असते, हे इनामगावला वेगळे सांगावयास नको. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या गावच्या शिवारात उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांची नावे त्या कार्याशी जोडलेली आहेत. ताम्रपाषाण युगातील, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. पाच खोल्यांचे घर, चार पायांच्या रांजणात बसविलेल्या स्थितीत पुरलेला मनुष्य, धान्य साठविण्याच्या जागा आणि पाण्याचा पाट, असे पुष्कळ काही सापडले. या वस्तू बोलक्या झाल्या त्या केवळ सापडल्या म्हणून नव्हे. कोणती वस्तू कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी होती, याची जागेवर नोंद झाली. म्हणून जुने थर माळवा संस्कृतीचे, त्यांवरचे जोर्वे संस्कृतीचे, असा क्रम लावता आला. तेच खापर कोणी उचलून घरी नेले असते, तर ते केवळ एक सुरेख खापर राहिले असते. इतिहासाचा पुरावा म्हणून त्याला किंमत उरली नसती.

कॅमेऱ्यातील चित्रणाचेही तसेच आहे. मूळ कार्डावर, मूळ तारखेसह, अखंड असलेला तुकडा म्हणजे थरातले खापर. तोच तुकडा कापून, त्यावर गाणे वा मजकूर चढवून, मोबाइलवरून दहा ठिकाणी फिरविला की तो थरातून निघाला. तो पाहून लोक हळहळतील किंवा संतापतील. न्यायालय मात्र पहिला प्रश्न विचारील की, हा मूळचा आहे कशावरून?

न्यायालयाची कसोटी

या प्रश्नाचा निर्णायक निकाल महाराष्ट्रातीलच एका खटल्यात लागला. तो अपघाताचा नव्हता, परंतु कॅमेऱ्याच्या चित्रणाचाच होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रणाचा आधार दिला. चित्रणाच्या प्रती होत्या, पण त्यांबाबतचे कायदेशीर प्रमाणपत्र वारंवार मागूनही संबंधितांकडून मिळाले नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात तत्त्व स्पष्ट केले. मूळ साधन त्याच्या मालकाने स्वतः साक्षीस उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत हजर करावयाची असेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य होय. ते देण्याचे संबंधिताने नाकारले, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागविता येते.

त्या वेळी ही तरतूद जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि ती कलम ६३ मध्ये आली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक चित्रण सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात फाइलीचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलीचा गणिती अंगठा. चित्रणातील एक ठिपका जरी बदलला, तरी हा अंगठा जुळत नाही.

दाव्याच्या कामात आणखी एक दिलासा आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात मात्र कोणती बाजू अधिक संभवनीय आहे, हे पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व २००९ मधील बिमला देवी यांच्या प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे चित्रण धूसर असले, क्रमांकाचे एखादे अक्षर पुसट असले, तरी पंचनामा, वाहनाचा रंग आणि मोडलेल्या काचेचे तुकडे यांच्या जोडीने ते पुष्कळ काम करू शकते.

परदेशांतही हा विचार झाला आहे. जर्मनीत सतत चित्रण करणे खासगीपणाच्या कायद्यात बसत नाही, तरीही तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी अपघाताच्या दाव्यात असे चित्रण पुरावा म्हणून स्वीकारता येईल, असा निर्णय दिला. रशियात तर असे कॅमेरे इतके रुळले की १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा शास्त्रज्ञांना तिचा मार्ग ठरविताना मोटारींतील चित्रणाचा उपयोग झाला. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. वाहतूक नियमांच्या अंमलबजावणीच्या साधनांत त्याने डॅश कॅमेऱ्याची गणना केली आहे.

अपघात झाल्याबरोबर

कॅमेरा असो वा नसो, पहिले काम माणूस वाचविण्याचे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत. जखमीस मदत करणाऱ्या त्रयस्थास कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याने सद्‌भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचाराची सोय आहे.

त्यानंतर पुराव्याकडे वळावे. चित्रण कुलूपबंद करावे, गाडी बंद करून कार्ड काढावे आणि ते कोरडे, वेगळे ठेवावे. त्या कार्डावर पुन्हा काहीही चित्रित करू नये. एक प्रत संगणकावर घ्यावी, पण मूळ फाइल कापू नये व तिचे नावही बदलू नये. पोलीस कार्ड ताब्यात घेतील तेव्हा त्याची नोंद पंचनाम्यात करवून घ्यावी आणि पोच घ्यावी. चालकाने चोवीस तासांच्या आत पोलिसांस माहिती द्यावी, विमा कंपनीसही कळवावे आणि चित्रण असल्याचे लेखी नमूद करावे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपासी अंमलदाराने अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणास आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत द्यावयाचा असतो. चित्रण आरंभीच हाती दिले, तर हे अहवाल अधिक अचूक होतात. भरपाईच्या अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणून वारसांनी दिरंगाई करू नये.

स्वतःचा कॅमेरा नसेल तर

बहुसंख्य दुचाकीस्वारांकडे आणि पादचाऱ्यांकडे असा कॅमेरा नसतो, आणि अपघाताचा सर्वाधिक मार त्यांनाच बसतो. त्यांच्यासाठी पेट्रोल पंप, ढाबा, पतसंस्था, टोलनाका आणि ग्रामपंचायतीने चौकात लावलेले कॅमेरे हाच आधार. हे कॅमेरेही जुने चित्रण काही दिवसांतच पुसतात. म्हणून नातेवाइकांपैकी एकाने रुग्णालयात थांबावे आणि दुसऱ्याने त्याच दिवशी रस्त्याच्या दोन्ही दिशांना फिरून कॅमेरे कोठे आहेत, हे पाहून घ्यावे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन ते चित्रण राखून ठेवण्याची विनंती करावी.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. त्या तपासात चारोटी येथील तपासणी नाक्यावरील कॅमेऱ्याचे चित्रण आणि गाडीतील नोंदयंत्रात साठलेली वेग व ब्रेक यांची माहिती यांचा उपयोग झाला. मागच्या आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावलेला नव्हता, ही गोष्टही पुढे आली आणि देशभर तिची चर्चा झाली. घडलेल्या घटनेची नीट नोंद झाली, तर ती पुढच्या प्रवाशाला शहाणपण शिकविते, ते असे.

निःपक्षपाती साक्षीदार

शेवटी एक गोष्ट स्पष्ट असावी. कॅमेरा विकत घेतला म्हणून तो मालकाचा वकील होत नाही. मालक वेगाने चालला होता, मोबाइलवर बोलत होता, मनाई असताना पुढे काढीत होता, हेही तो तितक्याच तटस्थपणे सांगतो. अशा वेळी कार्ड मोडून टाकण्याचा मोह होतो. परंतु पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. मूळ अपघात निष्काळजीपणाचा असेल, तर त्यात लबाडीची भर पडते. तसेच जखमींचे वा मृतांचे चित्र समाजमाध्यमांवर पसरविणे हे माणुसकीस सोडून आहे. त्याने दाव्यालाही मदत होत नाही. चित्रण द्यावयाचे ते पोलिसांना, विमा कंपनीला आणि न्यायालयाला.

ऊस वाहतूक करणारे मुकादम, दूध संकलनाच्या गाड्या, शालेय बसगाड्या आणि भाड्याच्या जीपगाड्या यांनी या साधनाचा विचार प्रथम करावा, कारण त्यांच्या चाकांशी अनेकांचे जीव बांधलेले आहेत. मात्र ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी लावण्यास कॅमेऱ्याच्या मानाने फारच थोडा खर्च येतो, आणि ती अपघात होऊच देत नाही. आधी पट्टी, दिवा, हेल्मेट आणि आसनपट्टा, त्यानंतर कॅमेरा, हा क्रम ठेवावा. कॅमेऱ्यासमोर आपली चाल दररोज नोंदली जात आहे, हे जाणून जो चालक वेग आवरतो, त्याला त्या चित्रणाची गरज बहुधा पडत नाही. आणि पडलीच, तर ते उघडून दाखविण्यास त्याला कचरावे लागत नाही.